‘शेवटी सगळे आधीच मेलेले असतात ना?’

सेमिस्टरची परीक्षा संपली त्या रात्री आम्ही चौघांनी हॉस्टेलच्या खोलीत ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग लावला. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. तेवढ्यात दारातून एक सीनियर दादा डोकावला आणि म्हणाला, ‘‘अरे, हे काय बघत बसलात? शेवटी सगळे आधीच मेलेले असतात!’’ आणि गेला निघून आंघोळीला. आमच्यातल्या एकाने तिथल्या तिथे उठून चादर ओढून घेतली. ‘‘मग बघायचं कशाला?’’ एवढंच बोलला. उरलेले आम्ही तिघे दादाला शिव्या घालत का होईना, बघत राहिलो. सहा पर्वं, शंभराहून जास्त भाग. महिन्याभराने शेवटचा भाग संपला, तेव्हा कळलं की दादाने नुसता शेवट फोडला नव्हता, चुकीचा शेवट फोडला होता.

नंतर लक्षात आलं की हा गैरसमज एकट्या दादाचा नाही. मालिका संपून इतकी वर्षं झाली, तरी जगभर असंख्य लोक हेच वाक्य सांगतात आणि ‘लॉस्ट’चे चाहते तेवढ्याच तावातावाने ते खोडून काढतात. हा वाद नेमका कशावरून आहे आणि त्यातून गोष्ट सांगण्याबद्दल काय शिकता येतं, ते इथे मांडतो आहे. (ज्यांना मालिका कोरी बघायची असेल त्यांनी पुढचं पान उघडावं. नंतर मला हॉस्टेलवर शोधत येऊ नये.)

मालिका थोडक्यात

‘लॉस्ट’ अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झाली आणि २३ मे २०१० ला संपली. डेमन लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज हे दोघे तिचे मुख्य सूत्रधार. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक कंपनीचं ८१५ क्रमांकाचं विमान एका अनोळखी बेटावर कोसळतं. विमानाच्या मधल्या भागातले ४८ जण वाचतात. इथपर्यंत ती जीव वाचवण्याची साधी गोष्ट वाटते. पण उष्ण प्रदेशातल्या त्या बेटावर ध्रुवीय अस्वल निघतं. जंगलात काळ्या धुराचा एक राक्षस फिरतो. जमिनीखाली एक तळघर सापडतं आणि तिथे एक माणूस दर १०८ मिनिटांनी संगणकात ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे भरत बसलेला असतो. (बेरीज करून पाहा, १०८ च येते.) पुढे विद्युतचुंबकीय शक्ती येते, सत्तरच्या दशकातले गुप्त प्रयोग येतात, आणि पाचव्या पर्वात तर पात्रं चक्क काळातून मागेपुढे फेकली जातात.

तेव्हा मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबाने यायची. आम्ही एका रात्रीत पाच भाग संपवले. त्या काळच्या प्रेक्षकाला मात्र दोन भागांच्या मध्ये सात दिवस मिळायचे, आणि दोन पर्वांच्या मध्ये कित्येक महिने. या रिकाम्या वेळात चाहते एकेक दृश्य थांबवून बघायचे, भिंतीवरच्या पाट्या वाचायचे, आकड्यांची बेरीज करायचे आणि भांडायचे. ‘लॉस्ट’चं अर्धं आयुष्य पडद्यावर गेलं आणि अर्धं या भांडणांत, असं म्हटलं तरी चालेल.

डोळ्यांसमोर असून न दिसलेलं

सगळे चाहते ज्या एका कलाटणीला मान देतात, ती चौथ्याच भागात येते. जॉन लॉक हा टकला, शांत माणूस बेटावर रानडुकराची शिकार करायला निघतो. मध्ये मध्ये त्याचं आधीचं आयुष्य दिसतं. कचेरीतला कंटाळवाणा टेबलखुर्चीचा जॉब, साहेबाची टिंगल, रात्री पलंगावर बसून फोनवर बोलणं. ऑस्ट्रेलियात पायी भटकंतीची सहल करायची, हे त्याचं स्वप्न. शेवटी तो ऑस्ट्रेलियात पोचतो आणि सहलीवाला त्याला बसमध्ये घ्यायला नकार देतो. तेव्हा कॅमेरा हळूच मागे सरकतो आणि आपल्याला दिसतं, की लॉक चाकांच्या खुर्चीत आहे. बेटावर पडल्यावर तो पुन्हा पायांवर उभा राहिलेला असतो.

आता तो भाग पुन्हा बघा. मागच्या आयुष्यातल्या एकाही दृश्यात लॉक उभा नाही. तो बसलेलाच आहे. लेखकाने आपल्यापासून काही लपवलं नव्हतं. ‘बसलेला माणूस हवं तेव्हा उठू शकतो’ हे आपणच गृहीत धरलं होतं. ही कलाटणी आली की मागची सगळी दृश्यं बदलतात. साहेबाची टिंगल जास्त बोचते. रानडुकरामागे धावणाऱ्या लॉकच्या चेहऱ्यावर एवढा आनंद का होता, ते कळतं. म्हणून या भागावर चाहत्यांचं भांडण होत नाही. उलट नव्या माणसाला हा भाग दाखवताना जुने चाहते पडद्याऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

इथून चाहत्यांनी स्वतःच एक कसोटी तयार केली, जरी तिला कुणी नाव दिलं नाही. कलाटणी कळल्यावर मागे जाऊन बघायचं. जुनं दृश्य नव्या अर्थात बसलं, तर लेखक सच्चा. नाही बसलं, तर ‘इथे पाणी मुरतंय’.

जॅकच्या वडिलांचा घोळ

या कसोटीवर सगळ्यात जास्त घासली गेली ती तिसऱ्या पर्वाच्या शेवटची कलाटणी. तारीख २३ मे २००७. तोपर्यंत प्रत्येक भागात पात्रांचा भूतकाळ दाखवायची पद्धत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली होती. या भागात डॉक्टर जॅक दाढी वाढवलेला, दारूत आणि गोळ्यांत बुडालेला दिसतो. आपण म्हणतो, असेल हा बेटाआधीचा काळ. शेवटच्या दृश्यात विमानतळाजवळ तो एका बाईला भेटतो, आणि ती निघते केट. केटची आणि त्याची ओळख तर बेटावर झालेली! म्हणजे हा भूतकाळ नव्हताच. बेटावरून सुटल्यानंतरचा भविष्यकाळ होता, आणि सुटका झालेला जॅक परत जायला तडफडत होता.

चाहत्यांनी लगेच भाग मागे नेला. जॅक ज्या अंत्यविधीच्या दुकानात जातो त्याच्या पाटीवर ‘हॉफ्स-ड्रॉलर’ असं नाव आहे. त्याची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की ‘फ्लॅश फॉरवर्ड’ तयार होतं. वा! पण त्याच भागात हॉस्पिटलमध्ये जॅक दुसऱ्या डॉक्टरवर ओरडतो, माझ्या वडिलांना खाली बोलावून आणा, ते माझ्याहून कमी प्यायलेले निघाले तर मला काढून टाका. आणि जॅकचे वडील तर विमान पडायच्या आधीच वारलेले! त्यांचंच शव न्यायला तो त्या विमानात बसला होता.

इथे दोन तट पडले. एक तट म्हणाला, ही शुद्ध फसवणूक आहे. आपल्याला भूतकाळ वाटावा एवढ्यासाठी पात्राच्या तोंडी खोटं वाक्य घातलं. दुसरा तट म्हणाला, अहो, माणूस नशेत आहे. नशेतल्या माणसाला गेलेला बाप जिवंत वाटला तर त्यात खोटं काय? उलट याच वाक्यातून कळतं की तो आतून किती ढासळलाय. माझं मत विचाराल, तर मी दुसऱ्या तटात आहे, पण पहिल्या तटाचा राग मला पटतो. लॉकच्या भागात आपण आपल्या गृहीतामुळे फसलो होतो. इथे लेखकाने आपल्याला ढकलून फसवलंय. दोन्हीत फरक आहे.

‘हे आधीपासून ठरलं होतं का?’

चाहत्यांचा दुसरा लाडका वाद म्हणजे लेखकांना उत्तरं आधीपासून माहीत होती, की वेळ येईल तसं ठरवत गेले?

ध्रुवीय अस्वलाचंच घ्या. पहिल्या पर्वात वॉल्ट नावाचा लहान मुलगा एक कॉमिक वाचत असतो आणि त्यात ध्रुवीय अस्वल असतं. झालं! कित्येकांनी पैजेवर सांगितलं की या पोराच्या मनात जे येतं ते बेटावर खरं होतं. तिसऱ्या पर्वात दिसलं की गुप्त प्रयोग करणाऱ्या संस्थेचे तिथे प्राण्यांसाठी पिंजरे होते आणि अस्वलं त्यांनी आणलेली होती. उत्तर सरळ होतं, त्यात चूक नव्हती, पण चाहत्यांनी केलेली कल्पना जास्त सुरस होती. हे असं पुष्कळदा झालं. वर्षभर हजारो डोकी एका कोड्यावर चालली की त्यांचं एखादं उत्तर लेखकाच्या उत्तरापेक्षा सरस निघणारच.

दुसरं उदाहरण गुहेतल्या सांगाड्यांचं. पहिल्या पर्वाच्या सहाव्या भागात गुहेत दोन सांगाडे सापडतात, त्यांना ‘आदाम आणि एवा’ असं नाव पडतं. जॅक कपड्यांची अवस्था बघून सांगतो, चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. सहाव्या पर्वात कळतं की ती दोघं लॅटिन बोलली जायची त्या काळातली आहेत! मग चाळीस-पन्नास वर्षांचं काय? यावर चाहत्यांचं ठेवणीतलं उत्तर असं, की जॅक मणक्याचा डॉक्टर आहे, पुरातत्त्व खात्यातला नाही. हसायला येतं खरं, पण कसोटीवर हे उत्तर अर्धवटच उतरतं.

लेखकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. पहिली तीन पर्वं होईपर्यंत मालिका किती वर्षं चालणार हेच त्यांना माहीत नव्हतं. गोष्ट कुठे संपणार ते माहीत नसताना रहस्य किती ताणायचं? तिसऱ्या पर्वात जॅकच्या दंडावरच्या गोंदणाची कथा सांगण्यात एक अख्खा भाग गेला. तो इतका कंटाळवाणा झाला की आता शेवट ठरवू द्या, हे वाहिनीला पटवून द्यायला सूत्रधारांना त्याचाच उपयोग झाला. मे २००७ मध्ये एबीसीने जाहीर केलं की मालिका २०१० मध्ये संपेल. आपल्याकडच्या रोजच्या मालिका बघणाऱ्यांना हे लगेच समजेल. शेवट ठरलेला नसला की मेलेला माणूस परत येतो, नवीन चेहऱ्याने येतो, आणि आजी म्हणते, ‘‘आता काय राहिलंय हिच्यात?’’

पुर्गातोर कुठे होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. पहिल्याच पर्वात चाहत्यांनी तर्क बांधला होता की हे सगळे विमान अपघातात मेले असून बेट म्हणजे ‘पर्गेटरी’ आहे. आमच्या गोव्यात आणि आमच्या कॉलेजात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोकणीत आम्ही त्याला पुर्गातोर म्हणतो. स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती मधली अवस्था. तर्क वेडगळ नव्हता. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे काहीतरी पाप लागलेलं. केट फरारी गुन्हेगार, सॉयर ठग, सईद इराकी सैन्यात असताना लोकांचा छळ केलेला, चार्ली नशेच्या आहारी गेलेला. त्यात जॅकच्या वडिलांचं नाव काय, तर ख्रिश्चन शेफर्ड! सूत्रधारांनी मात्र तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की नाही, बेट पर्गेटरी नाही, तिथे घडतंय ते खरंच घडतंय.

मग आलं सहावं पर्व. त्यात एक वेगळंच जग दिसायला लागलं. तेच विमान, तीच माणसं, पण विमान न पडता लॉस एंजेलिसला सुखरूप उतरतं. पाचव्या पर्वाच्या शेवटी १९७७ सालात हायड्रोजन बाँब फुटलेला होता. त्यामुळे चाहते म्हणाले, स्फोटाने काळाला दुसरा फाटा फुटला. विज्ञानकथा बघणाऱ्याने दुसरं काय म्हणावं? अख्खं पर्व याच समजुतीवर गेलं. शेवटच्या भागात जॅकला वडील भेटतात आणि उलगडा होतो. ते दुसरं जग मृत्यूनंतरचं आहे. प्रत्येक जण कधी ना कधी मेलेला आहे. कुणी जॅकच्या आधी, कुणी त्याच्यानंतर खूप वर्षांनी. आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दिवसांत जे सोबत होते, ते पुन्हा एकमेकांना भेटावेत म्हणून ती जागा आहे. हे बोलणं होतं त्या खोलीच्या रंगीत काचेच्या खिडकीत क्रूस आहे, ॐ आहे, चंद्रकोर आहे, धर्मचक्रही आहे.

म्हणजे बेट खरं, अपघातातून वाचणं खरं, काळप्रवासही खरा. मृत्यूनंतरचं होतं ते फक्त सहाव्या पर्वातलं ते दुसरं जग. चाहत्यांचा सहा वर्षांपूर्वीचा तर्क एका अर्थी बरोबर निघाला, पण भलत्याच ठिकाणी. (आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातलं पुर्गातोर ते नव्हेच. तिथे शिक्षा नाही, फक्त ओळख पटणं आणि सोडून देणं आहे.)

यात भर पडली एका साध्या गोष्टीची. भाग संपल्यावर नावांच्या पट्टीखाली निर्मनुष्य किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं दाखवली गेली. पुष्कळांनी अर्थ लावला, की बघा, कुणीच वाचलं नव्हतं! नंतर वाहिनीने खुलासा केला की ती दृश्यं वाहिनीने जोडली होती. एवढ्या हळव्या शेवटानंतर एकदम बातम्या सुरू होऊ नयेत म्हणून. गोष्टीचा तो भागच नव्हता. पण सहा वर्षं प्रत्येक चित्रात खूण शोधायला शिकलेला प्रेक्षक या चित्राला कसा सोडेल?

एवढं भांडण कशासाठी?

मला आधी वाटायचं, इतकी चिडाचिड कशाला? मेले असोत की जिवंत, मालिका तर मालिका. पण तिसऱ्या पर्वात चार्ली मरतो तो प्रसंग आठवला आणि उत्तर मिळालं. पाण्याखालच्या केंद्रात चार्ली अडकतो. बाहेरच्या मित्राला वाचवण्यासाठी तो दार आतून लावून घेतो. पाणी वर चढत असताना तळहातावर शाईने लिहितो की ती बोट पेनीची नाही, आणि हात काचेला टेकवतो. हे सगळे आधीच मेलेले असते, तर या हाताला काय अर्थ राहिला? मेलेला माणूस दुसऱ्यांदा जीव देऊ शकत नाही. ‘सगळे आधीच मेलेले होते’ या एका वाक्याने चार्लीचा त्याग पुसला जातो. लॉकचं उभं राहणं, जॅकचं परत जाणं, तेही पुसलं जातं. म्हणून चाहते तुटून पडतात. या वादात पुरावा खिडकीचा आणि पट्टीचा देतात, पण वाचवायचा असतो तो चार्लीचा हात.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे, आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, आम्ही विज्ञानाचं कोडं सोडवायला बसलो होतो. तुम्ही आम्हाला आकडे दिलेत, चुंबक दिलंत, बाँब दिलात आणि शेवटी मिठ्या मारून घरी पाठवलंत. त्यांची तक्रार खोटी नाही. मालिकेने दोन वचनं दिली होती, माणसांची गोष्ट पुरी करण्याचं आणि कोडी सोडवण्याचं. पहिलं पाळलं, दुसरं निम्मं.

ओळखलं म्हणून बिघडलं का?

‘लॉस्ट’नंतरच्या लेखकांना नवीनच भीती लागली, की प्रेक्षकांनी ओळखलं तर? एचबीओची ‘वेस्टवर्ल्ड’ २ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली. यंत्रमानवांच्या बागेत येणारा सज्जन तरुण विल्यम आणि काळ्या कपड्यांतला क्रूर म्हातारा ही एकच व्यक्ती आहे, मध्ये तीस वर्षं गेली आहेत, ही तिची कलाटणी. यंत्रमानव म्हातारे होत नाहीत, म्हणून आपल्याला दोन काळ एकच वाटतात. पण बागेचं बोधचिन्ह काही दृश्यांत जुनं, काही दृश्यांत नवं आहे, हे चाहत्यांनी पकडलं आणि शेवटचा भाग यायच्या कितीतरी आधी उलगडा करून ठेवला. जोनाथन नोलन आणि लिसा जॉय हे निर्माते. पुढच्या पर्वातली एक कलाटणी चाहत्यांनी आधीच ओळखल्यामुळे आपण ती बदलली, असं नोलनने जाहीर सांगितलं. २०१८ मध्ये तर या दोघांनी सगळ्या पर्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो असं म्हणून व्हिडिओ काढला, आणि त्यात निघालं १९८७ सालचं रिक अ‍ॅस्टलीचं गाणं! गंमत झाली, पण कलाटणी बदलणं मला पटत नाही. प्रेक्षकाने खुणा वाचून बरोबर ओळखलं, याचा अर्थ खुणा प्रामाणिक होत्या. त्यासाठी गोष्ट बदलणं म्हणजे पेपर नीट सोडवला म्हणून मुलाचे मार्क कापणं.

आमच्या गावी जत्रेच्या रात्री दशावतारी काला होतो. संकासुर वेद चोरणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी तो काळा संकासुर आला की लोक सरसावून बसतात. शेवट माहीत असण्याने गोष्ट बिघडत नाही, याचा पुरावा आपल्याकडे दरवर्षी मिळतो. बिघडते ती चुकीचा शेवट माहीत असण्याने. कारण मग माणूस बघायलाच बसत नाही.

त्या दादाला मी नंतर विचारलं, ‘‘दादा, तू शेवट बघितला होतास का रे?’’ तो म्हणाला, ‘‘नाही रे, तिसऱ्या पर्वातच सोडलं. शेवट मला दुसऱ्याने सांगितला.’’ त्यावर काय बोलणार?

चादर ओढून झोपलेल्या मित्राला मात्र मी दिवाळीच्या सुट्टीनंतर खरा शेवट सांगून टाकला. पहिल्या दृश्यात जॅकचा डोळा बांबूच्या बनात उघडतो आणि शेवटच्या दृश्यात त्याच बनात तो मिटतो, हेही सांगितलं. म्हटलं, आता बघायचं तर बघ. परवा तो चौथ्या भागाला पोचला. मी पुस्तक उघडून बसलो होतो, लक्ष सगळं त्याच्याकडे. कॅमेरा मागे सरकला, चाकांची खुर्ची दिसली, आणि तो ताडकन उठून बसला.

‘‘थांब, थांब,’’ म्हणाला, ‘‘पहिल्यापासून मागे घे. मला परत बघू दे.’’